तंजावरची मध्यरात्रीची घंटा

आपल्या शाळेच्या इतिहासात तंजावर येतं ते व्यंकोजीराजांच्या निमित्ताने, आणि त्यांच्याबरोबरच संपतं. १६७७ साली दक्षिणदिग्विजयावर निघालेले शिवाजी महाराज कोल्लिडम नदीकाठी तिरुमळवाडीला आपल्या सावत्र भावाला भेटले. वडिलांच्या दौलतीतला वाटा त्यांनी मागितला आणि व्यंकोजी एका रात्री गुपचूप नदी ओलांडून निघून गेले. एवढ्यावर प्रकरण उरकतं आणि धडा पुढे सरकतो. पण व्यंकोजींचं ते राज्य पुढे थेट १८५५ पर्यंत टिकलं. पेशवाई आली आणि गेली, तरी कावेरीच्या त्या हिरव्या मुलखात भोसल्यांची गादी होती, दरबारात मराठी होती, दप्तरात मोडी होती. हे मला पुस्तकांतून फार उशिरा कळलं. त्याआधी ते आजीकडून कळलं होतं.

आजी, म्हणजे माझ्या आईची आई, तंजावरची. तमिळ माणसं ज्यांना ‘रायर’ म्हणतात, त्या देशस्थ घरांपैकी एका घरात ती जन्मली आणि लग्न होऊन पुण्याच्या वाड्यात आली. तिची मराठी चालीवर चालायची, आणि राग आला की ती तमिळमध्ये बोलायची. तिरुमळवाडीची गोष्ट तीही सांगायची, पण तिच्या गोष्टीत नायिका होती व्यंकोजींची राणी दीपाबाई. “भाऊभाऊ भांडले. पण दीपाबाई शहाणी. तिने नवऱ्याला चार शब्द सांगितले, म्हणून तंजावर राहिलं,” असं ती ठासून म्हणायची. मी पुढे तहाची कलमं वाचली. बंगळूर आणि आसपासचा मुलूख महाराजांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिल्याचं त्यांत आहे. व्यंकोजी खचून बसले तेव्हा थोरल्या भावाने त्यांना धीराचं पत्र लिहिलं. वैराग्य म्हातारपणासाठी ठेवा, हे दिवस काही करून दाखवण्याचे आहेत, असा त्याचा आशय आहे. शाळेच्या पुस्तकात भावांचं भांडण आहे. आजीच्या गोष्टीत भांडणानंतरचा समेट होता, आणि तंजावर उभं राहिलं ते त्या समेटावर.

गेल्या थंडीत मी तंजावरला गेले तेव्हा कुठल्या सहलीबरोबर गेले नाही. एक गाडी ठरवली आणि एक गाइड ठरवले. निवृत्त इतिहासशिक्षक, तमिळ, पांढरीशुभ्र वेष्टी नेसलेले गृहस्थ. मी त्यांना ‘सर’ म्हणत होते, ते मला ‘अम्मा’. काय काय बघायचंय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी आजीच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. त्यांनी मला थांबवलं, खिशातून छोटी वही काढली आणि म्हणाले, “एकेक सांगा. आपण गोष्टींच्या क्रमाने गाव बघू.” त्या दिवसाचा नकाशा असा ठरला.

पहिला थांबा पेरिय कोविल, म्हणजे मोठं देऊळ, बृहदीश्वर. राजराज चोळाने ते १०१० मध्ये पूर्ण केलं. मुख्य विमान २१६ फूट उंच, सगळं ग्रॅनाइटचं, आणि त्या परिसरात ग्रॅनाइट मुळात मिळत नाही. या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, असं आजी सांगायची. सरांनी मला हाताने खूण करून प्रांगणाच्या एका बाजूला नेलं. सावली ऐसपैस पडली होती आणि तिच्यात बसून एक कुटुंब डबे उघडत होतं. “ही गोष्ट सगळ्या गावाला आवडते,” सर म्हणाले, “पण हजार वर्षांपूर्वी इतका दगड इतक्या उंचावर चढवणाऱ्या माणसांचं कौतुक करायला चमत्काराची गरज नाही.” यादीतली पहिली गोष्ट खोडली गेली. मला वाईट वाटलं नाही.

मग ते मला नैर्ऋत्य कोपऱ्यात, गणपतीच्या देवळाजवळ घेऊन गेले. तिथे भिंतीवर मराठी आहे. एखादी ओळ किंवा एखादं दानपत्र नव्हे, भिंतभर मराठी. भोसल्यांच्या कुळाचा समग्र वृत्तांत सरफोजीराजांनी १८०३ मध्ये देवनागरीत कोरवून घेतला. तो रचला त्यांचे चिटणीस बाबुराव यांनी. मराठीतला हा सर्वांत मोठा शिलालेख मानला जातो. अक्षरं बोटाच्या पेराएवढी, ओळी दाट, काही ठिकाणी झिजलेल्या. मी नाक भिंतीला लावून वाचू लागले. शहाजी, जिजाबाई, मालोजी अशी नावं सापडत गेली तसा घसा दाटून आला. चारी बाजूंना चोळांचे तमिळ शिलालेख, जोत्यावर, खांबांवर, हजार वर्षांचे. त्यांच्या मधोमध ही मराठी पानं. सरफोजींनी चोळांचं एक अक्षरही पुसलं नाही. रिकामी भिंत शोधली आणि आपलं सांगितलं.

तिथून जवळच, शिवगंगा तलावाच्या बाजूला एक चर्च आहे, १७७९ चं, श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या नावाने ओळखलं जाणारं. राजा तुळजाजी १७८७ मध्ये वारले. त्याआधी त्यांनी दत्तक घेतलेला लहान सरफोजी या पाद्र्याच्या देखरेखीत सोपवला. गादी चुलत्याकडे, अमरसिंगांकडे गेली आणि मुलाचे हाल झाले, ते टाळायला श्वार्ट्झने त्याला मद्रासला हलवलं. आजी म्हणायची, “पाद्र्याने पोराला धर्म नाही दिला, विद्या दिली.” श्वार्ट्झ १७९८ च्या फेब्रुवारीत गेला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. चर्चमध्ये संगमरवरी उठावशिल्प आहे, इंग्लंडचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्या हातचं. म्हातारा पाद्री मरणशय्येवर आहे आणि तरुण सरफोजी त्याचा हात हातात घेऊन उभे आहेत. राजाने ते स्वतः बनवून घेतलं. पागोटं आणि जामा घातलेला एक मराठा राजा चर्चमध्ये आपल्या गुरूचा हात धरून उभा आहे, हे दृश्य प्रत्येक मराठी शाळेच्या पुस्तकात असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

राजवाड्यात पोहोचेपर्यंत ऊन चढलं होतं. नायक राजांनी बांधलेला आणि मराठ्यांनी वाढवलेला तो अवाढव्य पसारा आहे. दरबाराच्या खांबांवर अजून रंग दिसतात. पण माझ्या यादीत राजवाड्यातली एकच जागा होती, सरस्वती महाल. आजीची लाडकी गोष्ट तिथली होती. “आमचा राजा सकाळी पूजा करायचा आणि मग लोकांच्या डोळ्यांतला पडदा काढायचा.” लहानपणी मला ही परीकथा वाटायची. राजा कधी डोळे तपासतो का?

तर तपासायचा. सरफोजींनी धन्वंतरी महाल नावाचं चिकित्सालय चालवलं आणि एका इंग्रज डॉक्टराच्या मदतीने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया केल्या. चाळीसहून अधिक रुग्णांच्या नोंदी आजही जपलेल्या आहेत. रुग्ण कोण, तक्रार काय, काय उपचार केले, गुण आला की नाही. आणि नोंदीबरोबर डोळ्याचं रंगीत चित्र. मी अशा एका चित्राच्या प्रतीसमोर बराच वेळ उभी होते. लालसर शिरा, गढूळलेलं बुबुळ, पापणीचा एक एक केस, सगळं चित्रकाराने बारीक कुंचल्याने टिपलेलं. तो डोळा कुणा राणीचा किंवा सरदाराचा नाही, दारी आलेल्या साध्या माणसाचा आहे. तंजावरच्या ज्या कलमाने सोन्याचा वर्ख लावून कृष्ण रंगवले, त्याच कलमाने हा दुखरा डोळा रंगवला.

या ग्रंथालयात ४० हजारांहून अधिक हस्तलिखितं आहेत. मूळ संग्रह नायकांचा, पण त्याला आजचं रूप आलं सरफोजींमुळे. ते १८२० च्या सुमारास मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले आणि येताना हजारो पोथ्या घेऊन आले. त्यांनी देवनागरी छापखाना घातला. त्यात १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद, ‘बालबोधमुक्तावली’, छापला गेला. मराठीतल्या अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी ते एक. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव राज्य करत होता. याच घराण्यातल्या शहाजीराजांनी १७ व्या शतकाच्या अखेरीला ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक लिहिलं; सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते १८४३ मध्ये. आणि सरफोजींचं ‘देवेंद्रकुरवंजी’ तर विलक्षणच आहे. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणारी डोंगरची बाई, तमिळ रंगभूमीवरचं जुनं पात्र. सरफोजींनी तिच्या तोंडी मराठी घातली आणि तिला जगाचा भूगोल सांगायला लावला. खंडं, देश, समुद्र, सगळं गाण्यातून. रूप तमिळ, भाषा मराठी, विद्या युरोपातून आलेली, आणि ऐकणारे तंजावरचे. भरतनाट्याची आजची मांडणी ज्या चार भावांनी घडवली, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु याच दरबारचे. सरफोजींनी नृत्यासाठी मराठीत रचलेली पदं आजही उपलब्ध आहेत.

जेवायला केळीच्या पानावर भात आला, सांबार आलं आणि यादीतली पुढची गोष्ट आपसूक निघाली. तंजावरच्या मुदपाकखान्यात आमसूल संपलं, आमटीत चिंच घातली, पाहुणे संभाजीराजे होते म्हणून नाव पडलं सांबार. आजी ही गोष्ट शपथेवर सांगायची. तिला आधार देणारा समकालीन कागद नाही. सर हसून म्हणाले, “आमच्या घरीही सांगतात.” एवढ्यावर आम्ही भात कालवला.

दुपारी परत राजवाड्याच्या चौकात आलो तेव्हा सर थोडे गंभीर झाले. “तुमच्या यादीत कंपनी सरकार फक्त शेवटी येतं,” ते म्हणाले. खरंच होतं. आजीच्या गोष्टींत राजा पोथ्या जमवायचा, डोळे बरे करायचा, अन्न वाढायचा. तो राज्य का करत नव्हता, हे तिने कधी सांगितलं नव्हतं. सरफोजींनी १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती दिला. त्यांच्याकडे उरला किल्ला, आणि उत्पन्नातला पाचवा हिस्सा व ठरावीक नेमणूक. फौज नाही, महसूल नाही, न्याय नाही. वयाच्या बाविशीत ज्याच्या हातून राज्य गेलं, त्या माणसाने पुढच्या ३३ वर्षांत हे सगळं उभं केलं. वाडवडिलांच्या गोष्टींनी पराभव गाळला होता. तो परत जागेवर ठेवल्यावर मला राजा लहान वाटला नाही, उलट मोठा वाटला.

शेवट मात्र आजीला तपशीलवार ठाऊक होता, कारण तो तिच्या आजीच्या लहानपणी घडला होता. सरफोजींचे चिरंजीव दुसरे शिवाजी १८५५ च्या ऑक्टोबरात वारले. मुलगा नव्हता. कंपनीने गादी खालसा केली, आणि पुढच्या वर्षी फौजफाटा राजवाड्यात शिरला. दागिने, हत्यारं, खासगी चीजवस्तू, सगळ्याला कुलपं आणि मोहरा लागल्या. “बायकांच्या महालाबाहेर सोजीर उभे होते,” आजी सांगायची, आणि तिचा आवाज असा चढायचा, जसं काही ती स्वतः त्या महालात होती. राणी कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि जिंकला. कंपनी लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेली. तिथे १८५९ मध्ये निकाल फिरला. ही राज्यसत्तेची कृती आहे, तिची चौकशी कोर्टाला करता येत नाही, असं ठरलं. जप्तीवर न्यायाधीशांनी नाराजी दाखवली, पण दाद मिळाली नाही. १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत दिली. झाशीच्या राणीची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे, आणि ती असायलाच हवी. त्याच वर्षांत परदेशी सत्तेला त्यांच्याच कोर्टात खेचणारी ही दुसरी मराठी राणी मात्र आपल्या बोलण्यात कुठेच नाही.

यादीतली शेवटची गोष्ट बघायला गाव सोडावं लागलं. पट्टुकोट्टैच्या रस्त्याने, भाताच्या खाचरांमधून, आम्ही ओरत्तनाडूला गेलो. काशीहून रामेश्वराला जाणाऱ्या यात्रेकरूंची ही वाट. तिच्यावर तंजावरच्या राजांनी ठिकठिकाणी छत्रं बांधली, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा. ओरत्तनाडूचं छत्र मुक्तांबेच्या नावाचं आहे. सरफोजींचं तिच्यावर प्रेम होतं, पण ती पट्टराणी नव्हती. मरताना तिने राजाजवळ मागितलं ते हे, आपल्या नावाने एक छत्र. इमारतीच्या जोत्याला दगडी हत्ती आणि घोडे जुंपलेले आहेत, जणू सगळं छत्रच रथ होऊन यात्रेकरूंना पुढे नेणार आहे. काळाने दगड झिजलेत, घोड्यांचे ताणलेले लगाम मात्र अजून हाताला लागतात.

आजीची गोष्ट अशी होती: छत्रात मध्यरात्री घंटा व्हायची. घंटा झाली की एक माणूस बाहेर येऊन ओरडायचा, कुणी उपाशी असेल तर या, जेवून जा. त्यानंतरच चूल विझायची. पुण्याच्या वाड्यातही आजी रात्री स्वयंपाकघर आवरण्याआधी जिन्यापाशी येऊन हाक द्यायची, “साप्टाच्चा?” म्हणजे जेवलात का सगळे. बिऱ्हाडकरूंची पोरं खिदळायची. एखादं खरंच न जेवलेलं असलं तर मुकाट्याने खाली यायचं.

सर ऐकत होते. मग म्हणाले, “माझ्या आजोबांचं लहानपण या गावातलं. बाप नव्हता. याच छत्राच्या शाळेत शिकले, इथेच जेवले. घंटेचं त्यांनी त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं होतं.” दोन घरांतल्या गोष्टी, दोन भाषांतल्या, एका दगडी ओसरीवर भेटल्या. आणि या गोष्टीला कागदही आहे. सरफोजींनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात छत्रांत काय चालतं ते तपशिलाने सांगितलं आहे. ब्राह्मणापासून परयापर्यंत, जोगी, बैरागी, कुणीही वाटसरू आला तरी त्याला शिजवलेला भात मिळतो. ज्याला तो चालत नाही त्याला शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून न जेवलेल्यांना बोलावलं जातं. आजाऱ्याला वैद्य आहे, विंचूसापाच्या विषावर उतारा देणारा आहे. परक्या वाटसरूंची पोरकी मुलं शिक्षकाच्या हवाली होतात. त्यांना तीनदा जेवण, चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाणं, कपडे, त्यांना आवडेल ती विद्या, आणि पुढे लग्नाचा खर्चही.

हे पत्र त्यांनी लिहिलं कशासाठी? राज्याचा कारभार हातातून गेला होता. आता छत्रांकडे लावून दिलेली गावंही जातील, ही भीती होती. म्हणून हा तरुण राजा परक्या अधिकाऱ्याला विनवत होता की एवढं माझ्याकडे राहू द्या. तंजावर त्याच्या दानधर्मासाठी जगात ओळखलं जातं, आणि सगळ्या मानांत हा मान मला मोठा वाटतो, असं त्याने त्यात म्हटलं आहे. महसूल, फौज, निवाडा गेल्यावर एखाद्या राजाला काय मागावंसं वाटावं? त्याने उपाशी माणसाला वाढण्याचा हक्क मागितला. तो त्याला मिळालाही. छत्रांच्या जमिनींचा कारभार आज जिल्हा प्रशासनाकडे आहे.

तो दिवस संपला तेव्हा सरांच्या वहीत दोन गोष्टींपुढे फुली होती आणि बाकीच्यांपुढे खूण. पण मी त्यांचा हिशेब असा लावत नाही. सावलीची गोष्ट खोटी असली तरी त्या देवळाला भोसल्यांच्या लेकरांनी आपलं मानलं, हे तिच्यातून कळतं. सांबाराची गोष्ट निराधार असली तरी मराठी आणि तमिळ घरं एकच आमटी आपली म्हणून सांगतात, हे खरं आहे. आणि घंटेची गोष्ट तर दगड, कागद आणि दोन घरांची आठवण, तिन्ही मिळून सांगतात. तंजावरच्या मराठ्यांनी आपली भाषा सोडली नाही, आणि तिथली भाषा दाबली नाही. त्यांच्यातूनच पुढे टी. माधवराव निघाले, कुंभकोणमला जन्मून त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही राज्यांचे दिवाण झाले. परमुलखात राज्य करायला गेलेली माणसं तिथलीच कशी होतात, हे शिकायचं तर याहून चांगली शाळा आपल्या इतिहासात मला दिसत नाही.

म्हणून मराठी वाचकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. दक्षिणेच्या सहलीत तंजावरला देवळापुरता एक तास देऊ नका. जाणता गाइड घ्या, पूर्ण दिवस घ्या, नैर्ऋत्य कोपऱ्यातली भिंत मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या, ओरत्तनाडूपर्यंत जा. आणि ज्यांना वेळ आणि जिद्द आहे त्यांनी मोडी शिकावी. सरस्वती महालात मोडी कागदांचे शेकडो रुमाल आहेत: छत्रांचे हिशेब, औषधांच्या याद्या, पगारपत्रकं, पत्रं. त्यांतल्या काहींची तमिळ भाषांतरं तिथल्या तमिळ विद्यापीठाने छापली, तमिळ अभ्यासकांनी त्यावर आयुष्यं घालवली. मूळ कागद आपल्या भाषेत आहेत. ते वाचणारे डोळेही आपल्याकडून जायला हवेत. गडांच्या लढायांच्या तारखा आपण पिढ्यान् पिढ्या पाठ केल्या. आता १८०१ चं ते पत्रही आपल्या मुलांच्या पुस्तकात आलं पाहिजे.